दोन सायलेन्सरांची गाडी

गाडीला दोन सायलेन्सर कशाला लागतात, हे मला यवतमाळात आजवर शंभर-दीडशे माणसांनी तरी विचारलं असेल. त्यातल्या निम्म्यांकडे उत्तर तयारच असायचं. एक पुढे जायला, एक रिव्हर्सला. एक पेट्रोलच्या धुराचा, एक ऑइलच्या. बाभुळगावच्या एका गुरुजींनी मला शांतपणे समजावलं होतं की एक बिघडला तर हाताशी दुसरा असावा म्हणून. मी मुळात तापट. पाना हातात असताना असलं काही ऐकलं की डोकं फिरायचं.

गोष्ट साधी आहे. साध्या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर एका रांगेत उभे असतात. पेट्रोल जळलं की त्यांचा धूर एकाच बाजूने बाहेर पडतो. त्याला एक नळी आणि एक सायलेन्सर पुरतो. मोठ्या अमेरिकन गाडीत आठ सिलिंडर असतात. चार डावीकडे कललेले, चार उजवीकडे कललेले, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखे. डाव्या चौघांचा धूर डावीकडून निघतो, उजव्या चौघांचा उजवीकडून. म्हणून दोन नळ्या, दोन सायलेन्सर. दोन्ही धूर वळवून एकाच नळीत कोंबले तरी गाडी चालते. पण चढावर तिला दम लागतो आणि ती तापते. एवढंच. यात रिव्हर्सचा काही संबंध नाही.

पण लोकांना दोन सायलेन्सर म्हणजे श्रीमंती वाटायची. राळेगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याने आपल्या चार सिलिंडरच्या गाडीला दुसरी नळी लावून मागितली. मी तोंडावर नाही म्हणालो. आमचे मालक पुंडलिकराव व्यवहारी माणूस, त्यांनी मागच्या बंपरखाली एक चकचकीत नळी बोल्टने आवळून दिली. ती आत कशालाच जोडलेली नव्हती. पुढे तिच्यात गांधीलमाश्यांनी घर केलं आणि जिनवाल्याच्या मेहुण्याला चावा घेतला. मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

हे सगळं सांगायचं कारण, या एका कामात माझ्याइतकं यवतमाळात कुणाला कळत नाही असा मला गर्व होता. गर्व खोटाही नव्हता. तोच पुढे नडला.

१९६३ सालच्या फेब्रुवारीत विमलताईंची गाडी आमच्या गॅरेजात आली. विमलताई डॉक्टर. एका सेवामंडळाचा फिरता दवाखाना त्या चालवायच्या. दर मंगळवारी सकाळी यवतमाळहून निघून आर्णी, महागाव, फुलसावंगी, आणि मग पुसद, दारव्हा करून रात्री परत, अशी गोल फेरी. गाडी आठ सिलिंडरची, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावातली, मागे लाकडी सांगाडा आणि रोग्याला आडवं करण्यापुरती जागा. ड्रायव्हर धर्मपाल. सात वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आला तेव्हा त्याने नाव बदललं होतं आणि जुन्या नावाने कुणी हाक मारली तर तो ओ देत नसे. मला तो त्यामुळेच आवडायचा.

त्या गाडीचा एक सायलेन्सर कधीच सडून पडला होता. तसला दुसरा मिळेना, म्हणून नागपूरच्या कुठल्याशा कारागिराने डावी नळी गिअरबॉक्सखालून आडवी नेऊन उजवीला जोडली होती आणि दोघींना मिळून ट्रकचा एक सायलेन्सर दिला होता. मग तो सांधा फुटला. सायलेन्सरच्या पोटातले आवाज अडवणारे पत्र्याचे पडदेही गंजून गेले. गाडी असा आवाज करायची की ती आर्णी नाक्यावर असली की पुंडलिकराव गॅरेजात बसल्या बसल्या म्हणत, "निघाली ताईची तोफ." हे मी दर आठवड्याला ऐकत होतो. ऐकून हसतही होतो.

"धनसिंग," विमलताई म्हणाल्या, "मागच्या मंगळवारी महागावहून एक म्हातारी झोपवून आणली. इथे येईपर्यंत तिचं डोकं दुखायला लागलं आणि मला उलट्या. धूर आत येतोय. उद्या एखादा नाजूक पेशंट दगावायचा यात. तेवढा धूर बंद कर."

तेवढा धूर बंद कर. एवढंच त्या बोलल्या होत्या. आवाजाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

पुंडलिकराव म्हणाले, "सांधा झाळून दे, वरतून पत्र्याची पट्टी मार अन् सोड. कायले जीव काढतं?"

तसं केलं असतं तर धूर थांबला असता. सायलेन्सर आतून पोकळच राहिला असता, म्हणजे आवाजही बराचसा तसाच राहिला असता. पण मला ते पटेना. आठ सिलिंडरच्या इंजिनाला एका नळीतून श्वास घ्यायला लावणं म्हणजे मला पाप वाटायचं. मी म्हणालो, "मालक, तीन दिवस द्या. दोन सायलेन्सर करतो."

मी ते तीन दिवस अजून विसरलो नाही. ती आडवी नळी कापून टाकली. डाव्या रांगेला वेगळी नळी वाकवली. नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद केली आणि भट्टीत लाल करून वाकवली. जुन्या ट्रकचा जाड पत्रा गोल करून दोन सायलेन्सर केले. प्रत्येकाच्या पोटात भोकांची नळी, भोवती तीन पडदे, म्हणजे धूर आत शिरला की वळणं घेत घेत आवाज आतच सोडून बाहेर येतो. दोन्ही नळ्यांमध्ये एक आखूड जोडनळी दिली, कारण दोन रांगांचे ठोके सारखे पडत नाहीत, एका बाजूला दाब जास्त झाला की तो दुसरीकडे वाटला जावा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून कळलं होतं.

शनिवारी गाडी सुरू केली. धर्मपाल बाहेर बिडी पीत उभा होता, त्याला कळलंच नाही. विमलताई खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "अरे, सुरू तरी केलीस का?" मी त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. बॉनेट थरथरत होतं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. पुंडलिकरावांनीही मान हलवली, आणि पुंडलिकराव मान हलवणारे नव्हते. मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं, खोटं कशाला सांगू.

सोमवारी संध्याकाळी एस.टी.च्या कंडक्टरने निरोप आणला. तुझी बहीण लाली बाळंतपणाला तांड्यावर आली आहे, पाय सुजलेत, तुझी आठवण काढते, ये.

आमचा तांडा आर्णी-महागाव रस्त्यावर, घाट उतरल्यावर, रस्त्यापासून मैलभर आत. आम्ही लमाण. आजोबांच्या काळापर्यंत बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन फिरायचो, मग इथे टेकडीच्या पायथ्याशी बसलो ते बसलोच. मी चौदाव्या वर्षी तांडा सोडला. होळी-दिवाळीला जायचो, एक दिवस राहायचो, परत यायचो. फिरता दवाखाना सुरू होऊन तीन वर्षं झाली होती, पण मंगळवारी मी तांड्यावर कधी नव्हतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी स्वतःला हेच सांगत असतो.

पाय सुजणं हे मला काही मोठं वाटलं नाही. गर्भार बाईचे पाय सुजतात असं ऐकून होतो. शिवाय दुसऱ्या दिवशी मंगळवार. माझी गाडी तांड्याच्या फाट्यावर येईल, लोक बघतील, धर्मपाल सांगेल की ही धनसिंगची करामत, असंही मनात होतं. विमलताईंच्या घरी जाऊन सांगावं की उद्या आमच्या तांड्यावर जरा थांबा, हे सुचलंच नाही. ताई थांबतातच, मग सांगायचं काय? पावशेर बालूशाही घेतली आणि मंगळवारी पहाटेच्या एस.टी.त बसलो.

लालीला पाहिलं आणि बालूशाहीचा पुडा हातातच राहिला. पायच काय, तिचा चेहरा सुजला होता. डोळे बारीक झाले होते. बाजेवर पडून ती कपाळ दाबत होती. मी लहानपणी तिला खांद्यावर घेऊन बोरं काढायला न्यायचो. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी धाकटी, आणि आमच्या घरात माझ्या रागाला न घाबरणारी ती एकटीच.

"भिया," ती म्हणाली. आमच्यात भावाला भिया म्हणतात आणि आईला याडी. घरी आम्ही गोरबोलीच बोलतो, तुम्हाला कळावं म्हणून ते बोलणं मी वऱ्हाडीत लिहितो आहे. "भिया, मले तू धुरकट दिसून राह्यला. दोन दोन दिसून राह्यला."

"एक तं तुले सोसवत नाही," मी म्हणालो, "अन् म्हणे दोन."

ती हसली. हसताना तिचं डोकं ठणकलं असावं, कारण तिने लगेच डोळे मिटले.

याडीने अंगणात बंडी जुंपून ठेवली होती. बंडीत कडबा, त्यावर गोधडी. महागावचा सरकारी दवाखाना अकरा मैल. देवसिंग, लालीचा नवरा, दूर उमरखेडकडे आपल्या गावी होता, त्याला निरोप गेला होता. याडी म्हणाली, "बरं झालं तू आला. चाल, उचलू हिले."

आणि मी म्हणालो, "बंडी सोडा."

हे शब्द माझे. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

"बंडीत हिचे हाल कायले करता?" मी म्हणालो. "दगडाचा रस्ता हाय. महागावले पोचता पोचता दुपार कलून जाईन, अन् तिथं डॉक्टर असन का नसन. आज मंगळवार हाय ना? ताईची गाडी येते. ताई स्वतः डॉक्टरीण. पाहीन, अन् पडली गरज तं गाडी फिरवून आडवी टाकून यवतमाळले नेईन. मी आत्ताच बनवली ते गाडी. पाळण्यात निजल्यावानी जाईन लाली."

"मंगळवार मले बी समजते," याडी म्हणाली. "पण पोरीचं डोकं पाहून मले धीर धरवत नाही."

"याडी, मी काय सांगून राह्यलो ते तं ऐक. पह्यले धूर आत ये, आता येत नाही. दोन सायलेन्सर बसवले मी तिले. आता ते गाडी अशी चालते का—"

"तुहे सायलेन्सर घाल चुलीत! पोरीचा चेहरा पाय कसा झाला!"

 आयुष्यात फार वेळा लोकांनी मला मध्येच तोडलं आहे आणि दर वेळी मी भांडून बोलणं पुरं केलं आहे. त्या दिवशी मात्र आईचा मान राखला.

तेवढ्यात नायक आले. उत्तमसिंग नायक, आमच्या तांड्याचे पुढारी. तांड्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी लालीला पाहिलं, बंडीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. म्हणाले, "धनसिंग म्हणते ते बराबर हाय. ताईच्या हातानं आपल्या तांड्यात एक बाई वाया गेली नाही. बैल सोडा. गाडीवर ध्यान मी ठेवतो. वख्त झाला का बाज उचलू."

बैल सोडले. कुणीतरी ते चरायला नाल्याकडे घेऊन गेलं.

नायक अंगणाबाहेरच्या मोठ्या दगडावर जाऊन बसले, रस्त्याकडे पाठ करून. मला वाटलं, रस्त्यावर कुणाला तरी उभं केलं असेल. गाडी दिसली की तो हाक देईल. तांडा म्हणजे शिस्त, हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

लालीच्या बाजेजवळ बसलो. पळस फुलला होता, होळी आठ-दहा दिवसांवर होती. एरवी या दिवसांत तांड्यात लेंगी गाणाऱ्यांचा कालवा असतो. पण त्या दिवशी तांडा हळूहळू गप्प होत गेला. शेजारच्या बाईने जात्यावरचं दळण थांबवलं. कुणी लाकूड फोडत होतं, नायकांनी हात वर केला आणि कुऱ्हाड थांबली. पोरांना हाकलून टेकडीकडे पाठवलं. एक कुत्रं भुंकायला लागलं, त्याला दगड बसला. मला भरून आलं. मनात म्हणालो, काय माणसं आहेत ही. माझी बहीण आजारी, तर सगळा तांडा श्वास धरून बसला आहे.

"आली का गाडी?" लाली विचारायची.

"येईन," मी म्हणायचो. "पडून राह्य."

मी तिला गाडीबद्दल सांगत बसलो. मागच्या बाजूला कशी गादी आहे, खिडकीला पडदे आहेत. जिनवाल्याच्या मेहुण्याला गांधीलमाशी कुठे चावली तेही सांगितलं. ती डोळे मिटून हुंकार देत होती. मग हुंकार थांबले. याडी तिच्या कपाळावर ओला फडका ठेवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

सूर्य डोक्यावर आला आणि कलला. लालीला उलटी झाली. ती म्हणाली, "भिया, दिवस बुडाला का? अंधार कायचा पडून राह्यला?" बाहेर लख्ख ऊन होतं.

मी उठलो. नायकांकडे गेलो. ते तसेच दगडावर बसले होते, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. मला वाटलं, म्हातारा झोपला.

"नायक," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "फाट्यावर कोण हाय?"

त्यांनी डोळे उघडले. "फाट्यावर? फाट्यावर कोणी नाही."

"कोणी नाही? मंग गाडी आली हे समजन कसं?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी परगावचा आहे. "अरे, गाडी घाटात चढाले लागली का आवाज येते ना. तांडाभर येते. मंग ताई घाटावरच्या वाडीत थांबते थोडी. तितक्यात आपण बाज उचलून फाट्यावर नेतो. तीन वर्षं झाले असंच करून राह्यलो आपण. आज बापा उशीर झाला तिले. मी कवाचा कान लावून बसलो."

 जातं का थांबलं, कुऱ्हाड का थांबली, कुत्र्याला दगड का बसला, सगळं एकदम कळलं. सगळा तांडा सकाळपासून माझ्या गाडीचा आवाज ऐकायला बसला होता. आणि तो आवाज मी तीन दिवस खपून, वाळू ठासून, पडदे लावून, एकेक ठोका मारून टाकला होता.

"नायक, ते गाडी आता वाजत नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणालो. "मी तिचा आवाज बंद केला."

मी फाट्याकडे पळालो. मैलभर. चपला कुठे सुटल्या माहीत नाही. फाट्यावर लखीराम शेळ्या चारत होता. तो पलीकडच्या गावचा म्हातारा, सकाळपासून तिथेच. मी विचारलं तेव्हा त्याने काठीने महागावकडे दाखवलं.

"गेली ना. दुपार व्हायच्या पह्यलेच. कशी आली समजलंच नाही, एकदम जवळच दिसली. थांबली बी होती. डॉक्टरीणबाई खाली उतरून तांड्याकडं पाहून राह्यल्या. म्हणे, इथं तं नेहमी लोक उभे असतात, आज कोणीच नाही. बरं झालं, कोणी बिमार नाही. अन् गेल्या."

ताईंना वाटायचं, आमचे लोक सकाळपासून फाट्यावर उभे राहतात. किती शहाणे लोक, असं त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. आणि आमच्या लोकांना वाटायचं, गाडी म्हटली की ती वाजणारच. दोघांनाही एकमेकांचं खरं ठाऊक नव्हतं, आणि दोघांच्या मध्ये मी माझे दोन सायलेन्सर नेऊन बसवले.

तुम्ही म्हणाल, हॉर्न का नाही वाजवला? पुढच्या मंगळवारपासून धर्मपाल वाजवायला लागला. घाटाच्या माथ्यावर तीन लांब हॉर्न, आणि सगळा तांडा धावतो. इतकं सोपं होतं. त्या आधी कुणाला गरजच पडली नव्हती, म्हणून सुचलं नव्हतं.

रस्त्यावर मी कुणाला हाक मारणार? गाडी एव्हाना फुलसावंगीकडे लागली असणार, आणि परत ती या रस्त्याने यायचीच नव्हती. पुढची एस.टी. संध्याकाळी पाचला. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडे पाहिलं. टायरांच्या खुणा धुळीत ताज्या होत्या. उजवीकडच्या मागच्या टायरवर मी स्वतः लावलेलं रबराचं ठिगळ त्यात उमटलं होतं. मी खाली बसून रडलो. लखीराम म्हणाला, "काय झालं रे बाबू?" मी उठून तांड्याकडे पळत सुटलो.

परत आलो तेव्हा याडीने बैल आणायला माणसं पाठवली होती. बैल नाल्यापलीकडे दूर गेले होते. ते सापडून, आणून, जुंपेपर्यंत तीन वाजून गेले. तेवढ्यात लालीला पहिला झटका आला. दात आवळले गेले, हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले. याडीने तिच्या दातांत पदराचा बोळा धरला. माझ्याकडे पाहून ती एवढंच म्हणाली, "मी सकायी निघाली होती, धनसिंग."

पुढचं लांबवण्यात मला रस नाही. लाली महागावला पोचली नाही. गावाचे दिवे दिसायला लागले तेव्हा दुसरा झटका आला, त्यातून ती बाहेर आली नाही, आणि पोटातलं मूलही गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने नुसतं पांघरूण वर ओढलं आणि विचारलं, सकाळीच का नाही आणलं? नायक, जे कधी कुणापुढे मान खाली घालत नसत, ते जमिनीकडे बघत उभे राहिले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

विमलताईंनी नंतर मला सांगितलं की सकाळी दहा-अकराच्या आत ती हातात आली असती तर इंजेक्शनने झटका टळला असता, बहुतेक. बहुतेक, हा शब्द त्यांनी माझ्यासाठी जोडला असं मला वाटतं. मी गॅरेजात अजून काम करतो. त्या गाडीचं काम आलं की पुंडलिकराव दुसऱ्याला देतात.

पण दोन झटक्यांच्या मध्ये, वाटेत, लाली थोडा वेळ शुद्धीवर आली होती. मी बंडी हाकत होतो. नायक बैलांच्या बाजूने चालत होते. ऊन उतरलं होतं. तिला काहीच दिसत नव्हतं. तिने हात चाचपत माझा सदरा धरला.

"भिया, गाडी आली का?"

याडीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "येऊन राह्यली."

"कुठंवर आली?"

"घाटात हाय. आवाज येऊन राह्यला पाय तिचा."

तिने डोकं जरासं उचललं आणि कान घाटाकडे केला. चाकं करकरत होती, म्हणून ती म्हणाली, "बंडी थांबव ना थोडी." मी कासरा ओढला. बैल उभे राहिले. आम्ही चौघं त्या रस्त्यावर गप्प राहिलो. पानही हलत नव्हतं. ती श्वास धरून ऐकत होती, पुष्कळ वेळ.

"मंग मले काहून नाही ऐकू येत?" ती म्हणाली. "डोळे गेले, आता माहे कान बी गेले का, भिया?"

"नाही," मी म्हणालो. "तुहे कान चांगले हायेत."

आणि बैल हाकले.